सुकत जाणारा हात आणि आपला विलंब

देवगिरीच्या पायथ्याशी वैद्यकी करणाऱ्या आम्हा मंडळींना हेमाद्रीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या काळी राज्यकारभार सांभाळीत असता या पंडिताने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव हा वैद्याचा पुत्र. 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेवही याच राजवटीतला, आणि त्याच्या ग्रंथात गानविद्येच्या आधी शरीरोत्पत्तीचे प्रकरण येते. संमेलनांच्या व्यासपीठांवरून या परंपरेचे स्मरण आम्ही स्वतः अनेकदा केले आहे व टाळ्याही घेतल्या आहेत. परंतु परंपरेचा उच्चार करणे सोपे आणि समोर बसलेल्या रुग्णाचा सदरा उतरवून त्याचा दंड उजेडात नीट पाहणे अवघड, हे आम्हास एका रुग्णाने शिकविले. त्या धड्याविषयी हा लेख आहे. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील आम्ही बदलला आहे.

गृहस्थ पन्नाशीतले. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हंगामाप्रमाणे पेरू व सीताफळे विकणारे. पेरू कापून त्यास तिखटमीठ लावताना सुरी हातातून निसटते, एवढीच त्यांची तक्रार होती. वेदना नाही, मुंग्या नाहीत, ज्वर नाही. मानेचे क्ष-किरण चित्र काढले असता मणक्यांची झीज दिसली. पन्नाशीतल्या कोणाही कष्टकऱ्याच्या मानेत ती दिसतेच, हे आम्हास ठाऊक असूनही त्या चित्राने आमचे समाधान झाले. मन्यास्तंभ व अवबाहुक यांच्या दरम्यान कोठेतरी निदान बसवून आम्ही पत्रपिंड स्वेद, नस्य व नेहमीचे वातघ्न कल्प सुरू केले. सात महिने गेले. मधूनमधून 'थोडा फरक आहे' असे ते म्हणत. वैद्याचे मन राखण्यासाठी रुग्ण असे म्हणतात, हेही आम्हास ठाऊक होते. आठव्या महिन्यात त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, लोक विचारतात, हे पिऊन येतात का? बोलणंच तसं झालंय. गळ्यात माळ आहे हो यांच्या."

त्या दिवशी आम्ही प्रथमच जीभ पाहिली. म्हणजे जिव्हापरीक्षा दर वेळी होत होतीच, साम-निराम पाहण्यापुरती. या वेळी जीभ बाहेर काढावयास न लावता तोंडातच सैल ठेवण्यास सांगून विजेरीच्या प्रकाशात पाहिली. तिच्या कडा आत ओढल्यासारख्या झाल्या होत्या व पृष्ठभागावर ठिकठिकाणी बारीक थरथर अखंड चालू होती. सदरा उतरविला तो दंडावर, छातीवर, पाठीवर तेच स्फुरण. उजव्या हाताच्या अंगठ्याचा उंचवटा बसलेला, अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये खळगा पडलेला, आणि ज्या हाताचे मांस असे सुकले आहे त्याच हाताच्या कोपरावर हातोडी मारताच हात जोरात उसळला. शहरातील मज्जासंस्थातज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊन पाठविले. स्नायूंची विद्युत्परीक्षा, मज्जातंतूंची वहनपरीक्षा व मानेचा एमआरआय झाल्यावर जे नाव आले ते आपणांपैकी बहुतेकांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते : मोटर न्यूरॉन डिसीज.

मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत आणि मज्जारज्जूपासून स्नायूंपर्यंत चेष्टेची आज्ञा वाहून नेणाऱ्या दोन्ही स्तरांतील पेशी या रोगात हळूहळू नष्ट होतात. शार्को या फ्रेंच वैद्याने 1869 पासून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वरच्या स्तराची हानी झाली की स्तंभ येतो व प्रतिक्षिप्त क्रिया वाढतात. खालच्या स्तराची हानी झाली की मांस सुकते व स्फुरण होते. एकाच अवयवात ही दोन्ही टोके एकत्र दिसणे हीच या रोगाची खूण होय. जे बिघडत नाही तेही तितकेच बोलके असते. स्पर्शज्ञान शाबूत राहते, मलमूत्राचे नियंत्रण बहुधा अखेरपर्यंत टिकते, डोळ्यांची हालचाल टिकते. वेदनारहित, एका बाजूने सुरू होणारी, महिन्यागणिक पसरत जाणारी दुर्बलता आणि तीत संवेदनेची काहीच तक्रार नाही, असे चित्र दिसले की आपण थांबले पाहिजे. अवबाहुकात खांदा दुखतो. गृध्रसीत पाय दुखतो. आमच्या रुग्णाचे काहीच दुखत नव्हते, आणि ते न दुखणे हेच लक्षण आहे हे आमच्या ध्यानी आले नाही.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. पापणी किंवा पोटरी अधूनमधून फडफडणे हे निरोगी माणसातही होते. जागरण, चहा व चिंता एवढी कारणे त्यास पुरतात. बलहानी व मांसक्षय यांवाचून केवळ स्फुरण असेल तर रुग्णास घाबरवू नये. याच्या नेमके उलट, चालताना पायाचा चवडा खाली पडून चप्पल निसटणे, सदऱ्याची गुंडी न लागणे, आवाज नाकातून येणे, भाकरीपेक्षा पाणी पिताना ठसका लागणे, कारण नसता हसू किंवा रडू न आवरणे, मान पुढे कलणे, उताणे झोपता न येणे, सकाळी डोके जड असणे, यांपैकी एकही तक्रार वाढत्या क्रमाने असेल तर ती वार्धक्याच्या खाती टाकू नये.

आता नावाच्या वादाविषयी. या रोगास संहितेतील कोणते नाव द्यावे, यावर आपल्याकडे शोधनिबंध वाचले जातात. कोणी मांसगत वात म्हणतो, कोणी मज्जागत, कोणी व्यान व उदान यांचे आवरण मांडतो, कोणी सर्वांगवात म्हणून मोकळा होतो. ही चर्चा निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. संप्राप्तीचा विचार केल्यावाचून उपक्रम ठरत नाही. परंतु प्रत्येक विकाराला ठरलेले नाव नसते आणि नाव न सांगता आल्याबद्दल वैद्याने लाजू नये, असे चरकानेच सूत्रस्थानात बजावले आहे. तो दोष, अधिष्ठान व हेतू पाहण्यास सांगतो. आम्ही मात्र नाव शोधतो, नाव सापडले की योग सापडतो, आणि योग सापडला की पुन्हा रुग्णाकडे पाहण्याची गरज उरत नाही.

इंद्रियस्थानात याहूनही स्पष्ट सांगितले आहे. बल व मांस यांचा क्षय झाला असता वातव्याधी अचिकित्स्य होतो, असे चरक म्हणतो. हा विषय मांडताना आपल्या व्यासपीठांवर चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील तैले व घृते सांगितली जातात. इंद्रियस्थानाचे हे वचन सहसा कोणी काढीत नाही. त्याचे कारण शास्त्रीय नसून व्यावहारिक आहे. ज्या रोगात बल आणि मांस हीच दोन प्रथम जातात, त्याचे साध्यासाध्यत्व आपल्या ग्रंथांनी झाकून ठेवलेले नाही, ते आपण झाकतो.

रोगी व नातेवाईक 'हॉकिंगसाहेब इतकी वर्षे कसे जगले?' असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. स्टीफन हॉकिंग यांचे निदान 1963 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी झाले. ते जानेवारी 2001 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परिषदेसाठी मुंबईस आले होते, तेव्हा चाकाच्या खुर्चीतील ती मूर्ती महाराष्ट्राने वृत्तपत्रांतून पाहिली. 2018 साली, वयाच्या 76 व्या वर्षी ते गेले. हा अपवाद होता. पाश्चात्त्य देशांत लक्षणांच्या आरंभापासून आयुर्मान सरासरी दोन ते चार वर्षे धरतात. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तीस वर्षांतील 1,153 रुग्णांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध केला. तीत आरंभाचे सरासरी वय 46 व मध्यम आयुर्मान सुमारे साडेनऊ वर्षे आढळले. म्हणजे आपला रुग्ण तरुण असतो व दीर्घकाळ झगडतो. त्या वर्षांचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

निदान लवकर व्हावे म्हणण्याचे दुसरे कारण असे की या रोगासारखे दिसणारे काही विकार बरे होण्यासारखे किंवा थांबण्यासारखे असतात, आणि विलंबाचा खरा बळी ते रुग्ण ठरतात. मानेतील मणक्यांमुळे मज्जारज्जूवर येणारा दाब शस्त्रक्रियेने कमी करता येतो. केवळ चेष्टावाही तंतूंना ग्रासणारा एक प्रतिकारशक्तिजन्य विकार इम्युनोग्लोब्युलिनने सुधारतो. मायस्थेनियाचा रुग्ण योग्य औषधावर संसार करू शकतो. अवटुग्रंथीचा अतिरेकही अशी दुर्बलता आणतो. आणि पंधरा ते पंचवीस वर्षांचा मुलगा एका हाताचा पंजा व अग्रबाहू सुकल्याची, थंडीत बोटे वळत नसल्याची तक्रार घेऊन आला तर हिरायामा यांनी 1959 साली वर्णिलेला विकार आठवावा. मान पुढे वाकविताना मज्जारज्जूवर ताण येऊन तो होतो, काही वर्षे वाढून थांबतो, आणि वेळीच गळपट्टा बांधला तर हात वाचतो. मान वाकवून काढलेल्या एमआरआयमध्ये तो दिसतो, सरळ मानेच्या चित्रात निसटू शकतो. चिठ्ठीत तसे लिहिणे आपल्या हाती आहे. अशा मुलाला 'मोटर न्यूरॉन' म्हणून घाबरविणे आणि 'नसांची कमजोरी' म्हणून दोन वर्षे चूर्णे देणे, दोन्ही सारखेच घातक. विदर्भाकडून आलेल्या रुग्णाचे पाय ताठर असतील तर लाखोळी डाळ किती खाण्यात होती हेही विचारावे. त्या विकारात ताठरपणा असतो, मांस सुकत नाही.

आणखी एक नक्कल आहे, तिचा उल्लेख आपल्या मासिका-त्रैमासिकांत टाळला जातो. शिशाच्या विषाने मनगट गळते, हात सुकतो, संवेदना मात्र टिकते. औषधनिर्मात्या बंधूंना हे वाचताना अस्वस्थ वाटेल याची आम्हास जाणीव आहे. 2004 साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आपण सर्वांनी तो कट असल्याचे ठरवून टाकले. शास्त्रोक्त मारण झालेले भस्म वेगळे व अपक्व धातू वेगळा, हा आपला युक्तिवाद आम्हासही मान्य आहे. परंतु बाजारातील डबीत कोणते आहे हे युक्तिवादाने कळत नाही, परीक्षणाने कळते. वनस्पतिज द्रव्यांसाठी शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 10, पाऱ्याची 1, सोमलाची 3 व कॅडमियमची 0.3 भाग अशी ठरलेली आहे. प्रत्येक घाण्याचा अहवाल मागण्याचा अधिकार विक्रेत्यास आहे. किती जण मागतात? आम्ही स्वतः आमच्या रुग्णाच्या बाबतीत, त्याने आमच्याकडे येण्यापूर्वी कोणकोणती रसौषधे घेतली होती, हे निदान झाल्यावर विचारले. ते पहिल्या दिवशी विचारावयास हवे होते.

उपचाराविषयी बोलताना प्रथम आधुनिक शास्त्राचे जे आहे ते प्रामाणिकपणे मांडू. रिलुझोल हे औषध 1995 पासून आहे व ते प्रयोगांत आयुष्य सुमारे दोन-तीन महिन्यांनी वाढविते. एडारावोनला 2015 साली जपानने व 2017 साली अमेरिकेने मान्यता दिली. त्याचा लाभ मर्यादित व वादग्रस्त आहे. टोफर्सेन 2023 मध्ये आले, तेही एका विशिष्ट जनुकदोषाच्या थोड्या रुग्णांसाठीच. एक चौथे औषध 2022 साली अमेरिकेत मान्य झाले, मोठ्या प्रयोगात निष्फळ ठरले, आणि निर्मात्याने 2024 साली ते बाजारातून स्वतः काढून घेतले. ही शेवटची गोष्ट आम्हास फार महत्त्वाची वाटते. आपल्या क्षेत्रात एखादा योग उपयोगी ठरला नाही म्हणून कोणी निर्मात्याने तो मागे घेतल्याचे उदाहरण वाचकांपैकी कोणास आठवत असेल तर त्यांनी अवश्य कळवावे.

सुश्रुताने याप्य रोगास पडत्या घराला दिलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकू घर नवे करीत नाही, पण आतल्या माणसांना अवधी देतो. या रोगात सर्वांत मोठे टेकू दोन आहेत : श्वास व अन्न. रात्री मुखवट्याद्वारे श्वासास साहाय्य करणाऱ्या यंत्राने, ज्यांचे गिळणे व बोलणे फार बिघडलेले नाही अशा रुग्णांचे आयुष्य सुमारे सात महिन्यांनी वाढल्याचे इंग्लंडमधील 2006 च्या प्रयोगात दिसले. कोणत्याही गोळीने एवढे साधलेले नाही. दम लागतो म्हणून घरी नुसता प्राणवायूचा सिलिंडर लावणे मात्र धोक्याचे, कारण स्नायू थकल्याने साचणारा कर्बवायू त्याने अधिक साचू शकतो. यंत्र घ्यावयाचे तर आमच्या भागात भारनियमनाचा विचार आधी करावा लागतो. बॅटरीची सोय झाल्याखेरीज ते घरी नेऊ नये. पोटात नळी बसविण्याचा निर्णय श्वासशक्ती निम्म्यावर येण्यापूर्वी घेतला तर ती सुरक्षितपणे बसविता येते. रुग्ण व घरचे ही गोष्ट पुढे ढकलतात, आणि 'आधी आयुर्वेदिक करून पाहू' हे त्या ढकलण्याचे एक नेहमीचे निमित्त असते.

मग आपण काय करावे? आमचे मत असे की पुष्कळ करावे, पण बरे करण्याचे वचन देऊ नये. या रोगात वजन घटणे हे आयुष्य घटण्याचे चिन्ह आहे, म्हणून बृंहण हा आपला उपक्रम येथे सर्वार्थाने योग्य ठरतो. अभ्यंग, षष्टिकशाली पिंड स्वेद, मात्राबस्ती, बल असेल तर यापन बस्ती, यांनी ताठरपणा, पेटके व बद्धकोष्ठ यांत आराम पडतो, झोप लागते, आणि घरातील माणसाचा हात दररोज रुग्णाच्या अंगावरून फिरतो. आहाराविषयी आपल्याइतके बारकाईने कोण सांगणार? पाणी ठसका लावते, दाट ताक कमी लावते. भाकरीचा चुरा घशात अडकतो, ज्वारीची दाट पेज, तूप घातलेला मऊ भात, गाळलेला सीताफळाचा गर उतरतो. घास गिळताना हनुवटी छातीकडे झुकवावी, हे आम्ही आहारपत्रिकेतच लिहून देऊ लागलो आहोत.

काय करू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. क्षीण रुग्णास वमन, तीक्ष्ण विरेचन किंवा लंघन देणे हा शास्त्राचाच द्रोह आहे. गिळणे बिघडलेल्या रुग्णास नस्य व स्नेहपान देऊ नये. तेल-तूप श्वासमार्गात उतरले तर फुफ्फुसात बसते व न्यूमोनिया होतो. आम्ही सात महिन्यांत दोनदा नस्यक्रम केला होता. त्या वेळी त्यांचे गिळणे शाबूत होते, असे आम्ही स्वतःस सांगतो. कुचल्याचे कल्प बलवर्धक म्हणून सर्रास दिले जातात. ज्याच्या मज्जारज्जूची उत्तेजना आधीच वाढलेली आहे त्यास कुचला देणे म्हणजे पेटके व ताठरपणा वाढविणे. कुचला औषधनियमांच्या 'ई-एक' परिशिष्टात आहे आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना त्याच्या वेष्टनावर असावी लागते. दुकानाच्या फळीवरून 'नसांसाठी काहीतरी द्या' म्हणणाऱ्यास अशी बाटली काढून देणाऱ्या बंधूंनी ती सूचना एकदा मोठ्याने वाचावी. रिलुझोल चालू असता यकृताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. त्यासोबत आपण जे देऊ ते तज्ज्ञांना लेखी कळवावे. लपवून दिलेल्या काढ्याने यकृताचे आकडे वाढले की थांबते ते रिलुझोल.

आणि जाहिराती. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघात तसेच मेंदूचे विकार आहेत. त्यांवरील इलाजाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. तरीही 'मोटर न्यूरॉनवर खात्रीशीर उपचार' असे फलक दिसतात, आणि ते लावणारे सर्वच जण बोगस नसतात, काही आपल्याच संघटनेचे वर्गणीदार असतात. आमच्या रुग्णाच्या मुलाने अशाच एका ठिकाणी, निदान झाल्यानंतर, बैलजोडी विकून पैसे भरले. त्या चिकित्सालयाचे नाव आम्ही लिहीत नाही. त्याने आम्हास न विचारता ते केले, कारण सात महिन्यांनंतर आमच्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता, आणि यात त्याची चूक नव्हती.

ते गृहस्थ निदानानंतर एकोणीस महिन्यांनी गेले. त्या काळात वैद्य म्हणून आमच्याकडून जे थोडे उपयोगी घडले ते औषधाचे नव्हते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मज्जासंस्थाविकारांचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी लागणारे कागद आम्ही जमवून दिले. हात सही करू शकत होता तोवर बँकेतील व सातबाऱ्याची कामे उरकून घ्या, असे सांगितले. अखेरीस घशात नळी घालून कृत्रिम श्वासावर ठेवावे की नाही, हे त्यांना बोलता येत होते तोवर विचारले. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अशी इच्छा आधी लिहून ठेवता येते. त्यांनी 'नको' म्हटले. पत्नी उठून बाहेर गेल्या, थोड्या वेळाने परत येऊन त्यांनीच कागद पुढे केला.

आमची संघटनेस एक सूचना आहे. शाखांच्या मासिक बैठकीत औषधकंपनीच्या व्याख्यानाऐवजी एक सत्र केवळ परीक्षेसाठी ठेवावे : सैल ठेवलेली जीभ, उघडी पाठ, अंगठ्याचा उंचवटा, कोपर व गुडघ्यावरील हातोडी, तळपायाची रेघ. एका रुग्णास दहा मिनिटे पुरतात. दौलताबादेस असे सत्र घेण्याची तयारी आम्ही दर्शविली आहे. जागा व चहाची व्यवस्था आमची. विजेरी व हातोडी प्रत्येकाने आपापली आणावी.